एका तारखेची खतावणी

इतिहास हा काही आमचा विषय नव्हे. वाणिज्य शाखेच्या मुलाने शेक्सपियरपासून संगोळ्ळी रायण्णापर्यंत मजल मारावी, हे कला शाखेतल्या मित्रांना अतिक्रमण वाटण्याचा संभव आहे. परंतु तारीख हा विषय मात्र पुरेपूर आमचा. तारखेवाचून पावती नाही, हुंडी नाही, व्याजाची आकारणी नाही. तेव्हा तारखेबद्दल चार शब्द बोलण्याचा अधिकार मी वाचकांकडून मागून घेतो.

निमित्त आहे 'दिनविशेषा'चे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, शाळा-कॉलेजांच्या फलकांवर, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आज कोण जन्मले आणि कोण निवर्तले याची यादी आपण रोज वाचतो. या यादीतला लोकांच्या सर्वांत आवडीचा प्रकार म्हणजे एकाच तारखेला गेलेली थोर माणसे. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स आणि तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन हे दोघेही ४ जुलै १८२६ रोजी वारले. त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे झाली होती. पाचवे अध्यक्ष जेम्स मनरो गेले तेही ४ जुलैलाच, सन १८३१ मध्ये. अशी गोष्ट ऐकली की माणूस थबकतो आणि म्हणतो, "यात काहीतरी संकेत असला पाहिजे!"

संकेत वगैरे काही नसतो, असे आमचे संख्याशास्त्र सांगते. तेवीस जण एकत्र आले तर त्यांतल्या कोणा दोघांची जन्मतारीख एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते; साठ जणांच्या वर्गात ती नव्याण्णव टक्क्यांच्याही वर जाते. जन्माचे जे गणित, तेच मरणाचे. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि इतिहासातली नामवंत माणसे हजारो. एका तारखेवर दोन थोर सापडले नाहीत, तरच नवल!

शिवाय तारीख म्हणजे तरी काय? शेक्सपियर आणि स्पेनचा महान लेखक सर्व्हान्तेस हे दोघेही २३ एप्रिल १६१६ रोजी गेले, असे सर्रास सांगितले जाते. त्या योगायोगाच्या आधारावर युनेस्कोने १९९५ साली २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन ठरवला. पण त्या काळी स्पेनमध्ये ग्रेगरीचे नवे पंचांग चालू होते आणि इंग्लंडमध्ये जुने ज्युलियन. दोहोंत दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे तारीख एक, पण दिवस दोन. त्यातही सर्व्हान्तेस आदल्या दिवशी, २२ तारखेला गेला आणि २३ ला त्याचा दफनविधी झाला, असे अभ्यासक सांगतात. आपल्याकडे तर आणखी मौज. आपण स्मरणदिनाला म्हणतो पुण्य'तिथी' आणि पाळतो तारीख. मग योगायोग पंचांगाचा म्हणायचा की दिनदर्शिकेचा?

तरीही मी दिनविशेषाच्या विरुद्ध नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती सांगण्यासाठी मला आमच्या शास्त्रातली दोन पुस्तके उघडावी लागतील. एक रोजकीर्द आणि दुसरे खतावणी. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या तारखेला लिहिला जातो. तिथे तेलाच्या डब्याशेजारी कापडाचे ठाण आणि त्याखाली गाडीभाडे येते. त्यांचे एकमेकांशी नाते एवढेच की ते एका दिवशी घडले. पण कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाला किती देणे आहे, हे रोजकीर्द वाचून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यात मांडावी लागते. ती खतावणी. दिनविशेष ही इतिहासाची रोजकीर्द आहे. आपण ती रोज लिहितो, पण खतावणी कोणीच करत नाही. आणि खतावणी न करता दुकान चालवणाऱ्याचे पुढे काय होते, हे येथील बाजारपेठेत कोणालाही विचारावे.

उदाहरणादाखल एकच तारीख घेतो, आपल्या सर्वांच्या ओळखीची. २६ जानेवारी. या तारखेला झेंडावंदन होते, मिठाई मिळते आणि दुपारनंतर सुट्टी असते. १९३० साली या दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली. त्या दिवसाची आठवण राहावी म्हणून, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेली राज्यघटना मुद्दाम दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणे अमलात आणली गेली. म्हणजे या तारखेला अर्थ आला तो ग्रहताऱ्यांमुळे नव्हे, माणसांनी ठरवून दिल्यामुळे. आता या तारखेला गेलेली चार माणसे पाहू.

पहिले डॉ. एडवर्ड जेन्नर. निधन २६ जानेवारी १८२३, इंग्लंडातील बर्कले गावी. याच गृहस्थाने १७९६ साली एका मुलाला गोवरदेवीची नव्हे, तर गाईच्या देवीची लस टोचून माणसाला येणाऱ्या देवीच्या रोगावर उपाय शोधला. ती लस १८०२ च्या जून महिन्यात मुंबईला पोचली आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तेथून ती हिंदुस्थानभर पसरली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर जी गोल खूण दिसते, ती या खात्यातली जमा नोंद आहे.

दुसरा संगोळ्ळी रायण्णा. फाशी २६ जानेवारी १८३१, खानापूर तालुक्यातील नंदगड येथे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शेतसनदी शिपाई. १८२४ च्या लढाईनंतर राणी कैदेत पडली आणि १८२९ साली बैलहोंगलच्या किल्ल्यात वारली. रायण्णाने मात्र हत्यार खाली ठेवले नाही. राणीच्या दत्तक पुत्राला गादी मिळावी म्हणून त्याने रानावनातून गनिमी लढा दिला, सरकारी कचेऱ्या जाळल्या. १८३० साली तो फितुरीने पकडला गेला. त्याचा जन्म परंपरेने १५ ऑगस्ट १७९८ चा मानतात. जन्म १५ ऑगस्टचा आणि मरण २६ जानेवारीचे! भाषणांतून हे ऐकले की टाळ्या पडतात. पण मित्रहो, त्याला वडावर चढवले तेव्हा २६ जानेवारी ही इतर दिवसांसारखीच एक तारीख होती. प्रजासत्ताकाला अजून एकशे एकोणीस वर्षे अवकाश होता. तारखेने रायण्णाला मोठे केलेले नाही.

तिसरा जनरल गॉर्डन. मृत्यू २६ जानेवारी १८८५, सुदानातील खार्टूम येथे. इंग्रज सेनापती, महदीच्या सैन्याने दहा महिने शहराला वेढा घातला आणि शेवटी त्याला ठार केले. मदतीची फौज पोचली ती दोन दिवस उशिरा. इंग्लंडात त्याचे पुतळे उभे राहिले, खार्टूममध्येही उंटावर बसलेला त्याचा पुतळा इंग्रजांनी बसवला. १९५६ साली सुदान स्वतंत्र झाल्यावर तो पुतळा तेथून उतरवला गेला आणि इंग्लंडला परत गेला.

चौथे आर. के. लक्ष्मण. निधन २६ जानेवारी २०१५, पुणे. म्हैसूरच्या तमिळभाषी घरात जन्म, शिक्षण म्हैसुरात, कर्मभूमी मुंबई. चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला त्यांचा 'कॉमन मॅन' अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या कारभाऱ्यांकडे मुकाट्याने पाहत राहिला. तो कधीच बोलला नाही, म्हणून त्याला कोणतीच भाषा परकी नव्हती.

रोजकीर्दीत ही चार नावे एकाखाली एक आली. आता खतावणी करू. द्विनोंदी पद्धतीचा पहिला नियम असा की प्रत्येक व्यवहार दोन खात्यांना लागतो. एकाच्या नावे पडला की दुसऱ्याला जमा होतो. रायण्णा कंपनी सरकारच्या वहीत बंडखोर होता, आपल्या वहीत हुतात्मा आहे. गॉर्डन लंडनच्या वहीत वीर होता, खार्टूमच्या वहीत परकी सत्तेचा सेनापती. दोघांची मृत्युतारीख एक, पण म्हणून ते एका खात्यात बसत नाहीत. उलट जेन्नर हा रायण्णाला फाशी देणाऱ्यांच्याच देशाचा, तरी त्याचे देणे आपल्या दंडावर आहे. ते नाकारून चालणार नाही. नुसती तारीख यातले काहीच सांगत नाही. सांगते ते माणसाचे काम.

आता जे सांगण्यासाठी लेखणी उचलली, ते सांगतो. माझी शाळा मराठी माध्यमाची. कन्नड मी बाजारात आणि मित्रांच्या घरी शिकलो. त्यामुळे दोन्हीकडचे दिनविशेष वाचतो. २६ जानेवारीला कन्नड फलकावर रायण्णा असतो. मराठी फलकावर तो मला क्वचितच दिसतो. नंदगडच्या खानापूर तालुक्यात घरोघर मराठी बोलली जाते, तरी आमच्यातल्या अनेकांना वाटते की तो 'त्यांचा' माणूस. आणि उलट बाजूला पाहा. शहाजीराजांची समाधी दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरे येथे, भर कन्नड मुलखात आहे. ती किती कन्नड मित्रांना ठाऊक आहे? आपण माणसांची खाती त्यांच्या कामाच्या नावाने न उघडता भाषेच्या नावाने उघडली, त्याचा हा परिणाम. २०२१ च्या डिसेंबरात बंगळुरात शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली आणि पाठोपाठ बेळगावात रायण्णाच्या पुतळ्याची विटंबना झाली. दोघेही सत्तेपुढे न झुकलेले. या हिशेबात कोणाला काय जमा झाले, हे मला तरी अजून उमगलेले नाही.

कोणी म्हणेल, सीमाभागाचा प्रश्न एवढ्याने सुटतो काय? नाही सुटत. तो न्यायालयापुढे आहे, त्याबाबत ज्याची जी भूमिका असेल ती त्याने ठामपणे धरावी. मीही धरतो. पण जमिनीचा वाद वेगळा आणि मेलेल्या माणसांची वाटणी वेगळी. भाऊ वेगळे निघाले तरी आजोबांचे श्राद्ध दोघांच्याही घरी होते.

दुसरा आक्षेप असा येईल की फलकावर एकच ओळ मावते, तिथे खतावणी कशी करायची? त्यावर उपाय साधा आहे. ओळ एकच असू द्या, पण 'अमुक यांची पुण्यतिथी' असे न लिहिता 'अमुक यांनी हे केले' असे लिहा. जागा तेवढीच लागते. फक्त लिहिणाऱ्याला पाच मिनिटे वाचनालयात जावे लागते.

एक सूचना या अंकाच्या संपादक मंडळालाही आहे. आपल्या अंकात मराठी विभाग संपला की कन्नड विभाग सुरू होतो, आणि बहुतेक वाचक त्या मधल्या कोऱ्या पानापाशी थांबतात. पुढच्या वर्षी मराठी विभागात कोणीतरी रायण्णावर लिहावे, आणि कन्नड विभागात कोणीतरी होदिगेरेवर. दोन्ही भाषांत जमा, खर्च, खाते आणि तारीख हे शब्द जवळजवळ सारखेच आहेत. शब्द सारखे असतील तर तेरीज जुळायलाही फारशी अडचण पडू नये. रायण्णावरचा मराठी लेख मी लिहून देतो. होदिगेरेचा लेख कोण घेतो, ते कन्नड मित्रांनी कळवावे.