मांत्रिकाची खतावणी

दिवाळीत वहीपूजन आटोपून नवी कीर्द व खतावणी उघडणाऱ्या व्यापाऱ्यास आम्ही एक प्रश्न विचारतो. पेढीवरील दिवाणजीने नफ्याची प्रत्येक रक्कम स्वतःच्या नावावर जमा केली व तोट्याची प्रत्येक रक्कम ‘दैव’ या खात्यावर लिहून टाकली, तर आपण त्यास किती दिवस चाकरीत ठेवाल? उत्तर उघड आहे. मग घरातील माणसास सर्पदंश झाला असता नेमकी अशीच खतावणी ठेवणाऱ्या मांत्रिकाच्या ओसरीवर आपण हात जोडून का बसावे?

मांत्रिकाकडे गेलेली माणसे वाचतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती का वाचतात? आपल्याकडील बहुतेक सर्प बिनविषारी आहेत. आणि विषारी सर्पही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. अशा माणसावर मंत्र घातला काय, निंबाचा पाला फिरविला काय, किंवा काहीच केले नाही काय, तो उठून घरी जाणारच. हे सारे मांत्रिकाच्या जमेस पडतात. ज्याच्या अंगात विष खरोखर भिनले तो मेला, म्हणजे मात्र ‘त्याची घटका भरली होती’! नावेची बाजू कोरी, तेव्हा शिल्लक सदैव मांत्रिकाचीच.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. नाग व मण्यार यांचे विष स्नायू लुळे पाडून श्वास थांबविते. घोणस व फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. या चौघांवर उतारा आहे. घोड्यास विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तापासून हे प्रतिविष तयार करतात. ते वेळेवर मिळाले तर गुण येतो. उशीर झाला तर डॉक्टरांच्या हातूनही रोगी जातो. परंतु डॉक्टर तो मृत्यू नोंदवितात, कारण शोधितात व पुढील उपचार सुधारतात. तोटा लिहून ठेवण्याची ही तयारी, हाच विवेकबुद्धीचा आरंभ होय. मंत्राला चुकण्याची सोयच नसल्याने तो हजार वर्षांत सुधारलेला नाही.

खेड्यातील गरिबास मात्र केवळ हसून चालणार नाही. मांत्रिक त्याच्या दाराशी आहे आणि दवाखाना दहा कोसांवर. तेथेही प्रतिविष शिल्लक असेलच याची खात्री नसते. हा दोष दूर करणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि त्याचा तगादा लावणे हे आम्हा शहरवासीयांचे.

दरम्यान, बाजाराच्या दिवशी आपल्या दुकानी येणाऱ्या शेतकऱ्यास दोन गोष्टी आवर्जून सांगा: जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये, दंश झालेला अवयव न हलविता तडक इस्पितळ गाठावे. प्रसंग आल्यास आपली गाडी द्या. आणि रात्री दिवा मालविण्यापूर्वी स्वतःच्या समजुतींचीही खतावणी एकदा उघडून पाहा. नावेची बाजू किती वर्षे कोरी ठेविली आहे, ते तेथेच दिसेल.