सकाळची गाडी आणि अभ्याख्यान

पौषातील पहाट. आर्वीच्या गल्लीत दुकानांच्या फळ्या अजून उघडायच्या आहेत आणि एका गोदामासमोर पिकअप गाडीचा सेल्फ घरघरतो आहे. एकदा, दोनदा, दहादा. गाडीत तेलाचे डबे, साखर आणि सरकी ढेप भरलेली. रोहणा, खरांगणा या गावांचे दुकानदार वाट पाहत बसलेले. पुलगाव ते आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे १९१७ मध्ये सुरू झाली होती. ती बंद पडल्यापासून इथला व्यापार सर्वस्वी रस्त्यावर आला. गाडी सुरू झाली नाही, तर त्या दिवसाचा धंदाच सुरू होत नाही.

पुढचा प्रसंग आर्वीतील कोणत्याही व्यापारी घरात घडावा असा आहे. आठवडाभर गाडी रोज सकाळी छळत होती. एकदा सुरू झाली की मात्र दिवसभर विनातक्रार धावत होती. शेठजींनी नवी बॅटरी आणली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग घरात कुजबुज सुरू झाली. ‘रात्री टाकीतून डिझेल काढले जात असेल.’ ‘दिवे चालू ठेवून जात असेल.’ संशयाचे बोट बारा वर्षे गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरकडे वळले. एका सकाळी चारचौघांत शेठजी त्याला बोलले. तो मान खाली घालून उभा राहिला. त्या महिन्याचा पगार देऊन त्याला मोकळे करावे, असेही ठरत आले होते.

शेठजींच्या धाकट्या मुलाने मात्र आधी कारण शोधायचे ठरवले आणि गाडी जुन्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने पाना हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला : ‘सेल्फ मारल्यावर इंजिन जड फिरते, की भरभर फिरूनही पेट घेत नाही?’ निदानाची वाट इथेच दुभंगते. इंजिन जड फिरत असेल, तर दोष विजेच्या बाजूचा. थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिनचे ऑइलही दाटते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला, तर बॅटरी तरी अशक्त किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलेला किंवा चासीला जोडलेली अर्थिंगची तार गंजलेली. नवी बॅटरी घेण्याआधी या जोडण्या घासून घट्ट कराव्यात. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

इंजिन भरभर फिरत असेल, तर धुराकडे पाहावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेते. थंड इंजिनात त्या उष्णतेला हीटर प्लगची मदत लागते. सेल्फ मारताना डिझेलच्या वासाचा पांढरा धूर आला, तर डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही. हीटर प्लग आणि त्यांचा रिले तपासावा. धूर अजिबात आला नाही, तर डिझेल इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी इथरचा फवारा मारण्याचा मोह टाळावा. तापलेल्या हीटर प्लगशी त्याची गाठ पडली, तर स्फोटाने इंजिन फुटू शकते.

या गाडीला धूर नव्हता. मिस्त्रीने फिल्टरवरचा हातपंप दाबला. आधी तो पोकळ लागला, वीस-पंचवीस दाबांनंतर कडक झाला आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. ‘गाडी एअर घेते,’ तो म्हणाला. तेव्हा आतापर्यंत गप्प असलेला ड्रायव्हर हळूच बोलला, ‘सेठजींना मी सांगितलं होतं. जिनाच्या सपाट आवारात ठेवली की सकाळी लगेच लागते. गोदामासमोर चढावर ठेवली की त्रास देते.’

दोषाचा पत्ता त्या वाक्यात होता. टाकीकडून फिल्टरकडे येणारी रबरी नळी क्लिपजवळ चिरली होती. या भागात पंप डिझेल ओढून घेतो. म्हणून चिरेतून डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. गाडी तोंड वर करून चढावर उभी राहिली की रात्रभरात नळीतले डिझेल टाकीत परतते आणि सकाळी पंपाला नुसती हवा मिळते. म्हणून जमिनीवर डाग नव्हता आणि टाकीतले डिझेलही कमी झालेले नव्हते. रोज दहा-दहा वेळा सेल्फ मारल्यामुळे बॅटरी थकत होती. तो परिणाम होता, कारण नव्हे. वीतभर नळी आणि दोन नव्या क्लिपा लागल्या. खर्च नव्या बॅटरीच्या पासंगालाही पुरणारा नव्हता.

संध्याकाळी मुलाने सारी हकिकत घरात सांगितली. दादीजींनी शांतपणे विचारले, ‘प्रतिक्रमणात अठरा पापस्थानके रोज म्हणतो. तेरावे कोणते?’ शेठजी क्षणभर थांबले. तेरावे अभ्याख्यान : दुसऱ्यावर खोटा आळ घेणे. श्रावकाच्या सत्य अणुव्रताच्या अतिचारांतही ‘सहसाभ्याख्यान’ येते, म्हणजे विचार न करता एकदम दोष लावणे. आळ घेणाऱ्याला आपण खोटे बोलतो आहोत असे वाटतही नाही. त्याने केवळ तपासलेले नसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी एका सेल्फला सुरू झाली. निघण्यापूर्वी शेठजी ड्रायव्हरजवळ गेले. ज्या चारचौघांत शब्द निघाले होते, त्यांनाही त्यांनी मुद्दाम बोलावून घेतले होते. सर्वांसमोर हात जोडून ते म्हणाले, ‘मिच्छामि दुक्कडं. तू सांगत होतास, मी ऐकले नाही.’ ड्रायव्हर अवघडला, ‘असू द्या, सेठजी,’ म्हणाला आणि गाडीत चढला.

नळी वीतभर रबराने जोडता आली. बारा वर्षांचा विश्वास तुटला असता, तर तो जोडायला कोणत्याही दुकानात क्लिप मिळाली नसती.