काटा दोघांना दिसावा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजही कितीतरी पेढ्यांवर नवी वही पाटावर ठेवली जाते, पहिल्या पानावर 'श्री' लिहिला जातो, हळदकुंकू वाहिले जाते. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, हिशेब संगणकात असतो, तरी वहीची पूजा टिकून आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तर प्राप्तिकरासाठीही व्यापाऱ्याला दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरता येई. धनासोबत धनाच्या नोंदीलाही हात जोडायचे, ही आपल्या सणातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट आहे. फक्त एक प्रश्न दरवर्षी मनात येतो. ही वही वाचता कोणाला येते?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. त्यांनी ते कागद मागितले आणि जाळले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडले. त्यामागे वाढलेला शेतसारा होता, अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव होता, सावकारांनी अचानक आखडलेला हात होता. पण राग निघाला तो कागदावर, कारण त्या कागदात काय लिहिले आहे हे अंगठा उमटवणाऱ्याला कळत नव्हते. फेडलेली रक्कम वहीत चढली की नाही, व्याज मुद्दलात कधी मिसळले, हे विचारण्याची सोय नव्हती.

१८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यातल्या तरतुदी मला आजही शिकण्यासारख्या वाटतात. पैसे भरले की पावती, वर्षातून एकदा हिशेबाचा लेखी उतारा, रोखा गावच्या निबंधकासमोर. न्यायाधीशाने नुसत्या रोख्यावर न थांबता व्यवहार मुळापासून तपासायचा. सावकाराने सज्जन व्हावे असा उपदेश या तरतुदींत नाही. वहीत जे लिहिले आहे ते ऋणकोच्याही हाती पडावे, एवढीच त्यांची मागणी आहे. चारच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. लेखणी एकाच्या हाती आणि अंगठा दुसऱ्याचा, या स्थितीत फसवणूक किती सोपी होते हे त्यांनी ओळखले होते. शिक्षणाचा त्यांचा आग्रह या व्यवहाराशीही जोडलेला आहे, हे आपण फारसे लक्षात घेत नाही.

प्रामाणिकपणाला आपण स्वभावाचा गुण मानतो. तो तसा आहेही. पण व्यवहारात माझी कसोटी वेगळी आहे: समोरच्याला, विशेषतः दुबळ्या बाजूला, माझे माप तपासता येते का? ज्याच्या मनात खोट नाही त्याला तपासणीचा त्रास होत नाही. 'माझ्यावर विश्वास नाही का?' हा प्रश्न मात्र मला नेहमी अस्वस्थ करतो. विश्वास मागून घेणारा माणूस बहुधा काटा दाखवायला तयार नसतो.

बाजारपेठांत एकेकाळी हत्ता पद्धत चालत असे. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा, आणि भाव मात्र रुमालाखाली. त्यातले काही आडते सचोटीचे असतीलही. पण ते सचोटीचे आहेत हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नव्हता. उघड लिलाव आला तेव्हा माणसे बदलली नाहीत, रुमाल गेला. तेवढ्याने बराच फरक पडला.

सगळीकडचा रुमाल मात्र गेलेला नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर काटामारीच्या तक्रारीही. २०२४-२५च्या हंगामात केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. ट्रॉलीमागे एक क्विंटल कमी भरला तर त्या घराला किती झळ बसते, याचा हिशेब ऊस तोडणाऱ्या आणि लावणाऱ्या दोघांना तोंडपाठ असतो. वजनाइतकाच उताराही महत्त्वाचा, आणि तो तर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरतो. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने नाकारू नये, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. ती मला पूर्णपणे रास्त वाटते. भरारी पथके येतात आणि जातात. काटा रोज चालतो. प्रवरेचा सहकारी कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला तो शेतकरी स्वतःच मालक व्हावा म्हणून. मालकालाच आपल्या उसाचे वजन पडताळू द्यायचे नाही, हे सहकाराला शोभत नाही. ज्या कारखान्याचा काटा चोख आहे, त्याने तर पडताळणीचे स्वागत करावे. त्यात त्याचाच लौकिक वाढेल.

एसटीत सुटे पैसे नसले की वाहक तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो. एवढीशी पेन्सिलची खूण. पण पुरावा प्रवाशाच्या हातात असतो, आणि उतरताना मागायला त्याला संकोच वाटत नाही. दुकानदाराचे पक्के बिल, ठेकेदाराने मजुराला दिलेली हजेरीची नोंद, घरकाम करणाऱ्या बाईंच्या खाड्यांचा दोघींनी मिळून ठेवलेला हिशेब, हे सगळे त्याच जातीचे. शेवटच्या गोष्टीत आपण सुशिक्षित लोक फार मागे आहोत. खाडे आपल्याच कॅलेंडरवर, आपल्याच खुणेने मांडतो आणि महिनाअखेरीला तो हिशेब त्यांना ऐकवतो. ही आपल्या घरातली सावकाराची वही आहे, आणि ती या दिवाळीत बदलता येईल.

दिवाळी अंकालाही हे लागू आहे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने ही परंपरा सुरू केली, तेव्हापासून ती जाहिरातदार, लेखक आणि वाचक या तिघांच्या भरवशावर चालत आली आहे. म्हणून या अंकात पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर ठळकपणे 'जाहिरात' असे लिहिले आहे. लेखकांना मानधनाचा आकडा लेख स्वीकारतानाच लेखी कळवला आहे. आधी छापून आलेला मजकूर असेल तिथे पहिल्या प्रसिद्धीचा उल्लेख लेखाखाली आहे. यातले काही कुठे सुटलेले दिसले तर पानाच्या क्रमांकासह कळवा, पुढच्या अंकात दुरुस्ती पहिल्या पानावर छापू.