न भेटलेला मतदार

२ नोव्हेंबर १९८२ च्या रात्री टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाल्यातच जमा होते. अमेरिकेत हे पद आपल्या राज्यपालासारखे नेमणुकीचे नसते. जनता थेट निवड करते आणि अधिकार आपल्या मुख्यमंत्र्यासारखे असतात. लॉस एंजेलिसच्या या कृष्णवर्णीय महापौरांना मतदानपूर्व चाचण्यांनी आघाडी दिली होती. मतदान केंद्रांबाहेरचा कौलही त्यांच्याच बाजूने गेला आणि 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'ने पहिल्या आवृत्तीत तसा मथळाही छापला. मोजणी संपली तेव्हा मात्र रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डुकमेजियन सुमारे ९३ हजार मतांनी निवडून आले होते. एकूण मते होती ७८ लाखांवर.

तेव्हापासून 'ब्रॅडली परिणाम' हा शब्द रूढ झाला: गोरा मतदार विचारणाऱ्यासमोर कृष्णवर्णीय उमेदवाराचे नाव घेतो आणि मत दुसऱ्याला देतो. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? १९८९ मध्ये व्हर्जिनियात गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर यांना चाचण्यांनी मोठी आघाडी दिली होती; ते जिंकले ते सात हजारांहून कमी मतांनी. पण कॅलिफोर्नियाच्या चुकीचे सगळे खापर मतदाराच्या खोटेपणावर फोडणे अन्यायाचे आहे. त्या राज्यात १९७८ पासून कारण न देता टपालाने मत देता येत होते. रिपब्लिकन पक्षाने आपल्या मतदारांच्या घरी टपाली मतांचे अर्ज पोहोचवले. केंद्रावर जाऊन दिलेल्या मतांत ब्रॅडली किंचित पुढेच होते. टपाली मतांनी पारडे फिरवले. केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या प्रश्नकर्त्याला हा मतदार भेटणारच नव्हता. त्यातच बंदुकांवर नियंत्रण आणणारा प्रस्ताव त्याच दिवशी मतदानाला होता आणि त्याला विरोध करणारा ग्रामीण मतदार घराबाहेर पडला. अंदाज बांधणाऱ्यांच्या हिशेबात त्याचे वजन कमी धरले गेले.

अंदाज चुकणे हा गुन्हा नव्हे. चूक कुठे झाली हे लपवणे मात्र वाचकांशी आणि मतदारांशी प्रतारणा आहे. २०२१ मध्ये मॉनमथ विद्यापीठाच्या चाचणीने न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत फिल मर्फी यांना ११ गुणांची आघाडी दिली. मर्फी जिंकले जेमतेम तीन गुणांनी. दोनच दिवसांत चाचणीप्रमुख पॅट्रिक मरी यांनी वृत्तपत्रात लेख लिहून चूक कबूल केली आणि पराभूत उमेदवाराची माफी मागितली. अशा माणसाच्या पुढच्या अंदाजावर आम्ही अधिक विश्वास ठेवू.

आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला बहुतेक वाहिन्यांनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेले. जागा आल्या २९३. त्याच वर्षी हरियाणात काँग्रेसची सत्ता जाहीर झाली आणि सरकार भाजपचे आले. अंदाज दाखवताना किती जणांना विचारले, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला आणि त्या नकारांचे हिशेबात काय केले, हे आकड्याशेजारी त्याच पडद्यावर दिसले पाहिजे. ही माहिती न देणाऱ्या संस्थेचा अंदाज वाहिन्यांनी दाखवू नये आणि आम्हा वृत्तपत्रांनीही छापू नये.