फवारणीचे विष आणि डब्यावरचा त्रिकोण

कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वर्धा जिल्हाही कपाशीचाच. केंद्राने २०२०मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदी प्रस्तावित केली; २०२३मध्ये त्यातील मोजक्यांवरच ती आली. मात्र रोजंदारीने पंप पाठीवर घेणारा मजूर डबा विकत घेत नाही; त्रिकोणाचा अर्थ त्याला सांगतो कोण? रिकामे डबेही बांधावर, विहिरीकाठी पडून राहतात. मास्क-हातमोजे पुरवण्याची आणि डबे परत घेण्याची सक्ती कंपन्या व विक्रेत्यांवर हवी. नुसत्या जनजागृतीने मजुराचा जीव वाचणार नाही.