दंडाला दंड

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी माझे दोन्ही दंड गोठवून घेतले. हे वाक्य मी आजवर तीन जणांसमोर म्हटलंय. पहिलीने विचारलं, "किती लागले?" दुसरीने विचारलं, "फरक पडला का?" तिसरा, माझा कॉलेजपासूनचा मित्र, म्हणाला, "तुझ्यासारखीने असं करावं?" पहिल्या दोघींचा मला राग नाही. तिसऱ्याकडे नंतर येते.

हात वर केला की दंडाची मागची बाजू हलते, त्या भागाबद्दल बोलतेय मी. मामेबहिणीचं लग्न होतं कराडला. मी आयुष्यात पहिल्यांदा बिनबाह्यांचा ब्लाउज घातला, मंगलाष्टकांना अक्षता टाकायला हात उचलला आणि फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. फोटो घरच्या ग्रुपवर आला. काकूने खाली लिहिलं, "हात चांगलेच भरलेत हं!" आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले दोन चेहरे. माझी आजी 'पोर अंगाने भरली' म्हणायची तेव्हा ते कौतुक असायचं. क्रियापद तेच आहे, पण आता त्याच्यापुढे इमोजी येतो.

मराठीत दंड हा तसा पराक्रमाचा अवयव. पैलवान दंड थोपटतो, पोरगा बेटकुळी काढून दाखवतो, निवडणुकीच्या बातम्यांत दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी कुणाविरुद्ध दंड थोपटून उभा असतो. बाईच्या दंडाला वाकी आणि बाजूबंद. ते नसतील तर बाही. आई बावीस वर्षं पोळी-भाजीचा डबा चालवतेय, रोज सकाळी पाच किलो कणीक तिंबते. तिच्या दंडात जे बळ आहे त्यावर माझी फी भरली गेली. तरी ती फोटोच्या वेळी पदर हातावर ओढून घेतेच.

तर मी गेले. पुण्यातलं एक क्लिनिक, नाव सांगत नाही. दारावर 'नो सर्जरी, नो नीडल, नो डाउनटाइम' असं लिहिलेलं. आत पांढरा कोट घातलेली एक मुलगी. ती डॉक्टर नव्हती, 'कौन्सेलर' होती, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. तिने माझा दंड चिमटीत धरला, जरा ओढला आणि म्हणाली, "परफेक्ट आहे मॅम, कप मस्त बसेल." माझ्या दंडाला त्या दोन महिन्यांत मिळालेली ही एकमेव दाद.

दोन्ही हात, दोन सेशन, ४४,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, ७,९२०. एकूण ५१,९२०, सहा हप्त्यांत. हा जीएसटी जरा थांबून बघा, कारण बिलावरची सगळ्यात प्रामाणिक ओळ ती आहे. आपल्याकडे आरोग्यसेवेवर जीएसटी माफ आहे. जन्मजात व्यंग किंवा अपघात यासाठीची प्लास्टिक सर्जरीसुद्धा माफ. फक्त दिसण्यासाठी केलेलं काही त्या माफीत बसत नाही. विमा कंपन्याही कॉस्मेटिक उपचारांचे पैसे देत नाहीत. म्हणजे हा उपचार नाही हे सरकारला माहीत आहे, विमा कंपनीला माहीत आहे. पण भिंतीवर डिग्र्या लावल्यात, अंगावर पांढरा कोट आहे, माझा बीपीसुद्धा घेतला. पैसे घेताना ब्युटी पार्लर आणि विश्वास घेताना दवाखाना, असा हा धंदा.

दुसरी पाटी होती, 'यूएस एफडीए अप्रूव्ड'. खरी गोष्ट अशी. अमेरिकेच्या एफडीएने हे तंत्र वापरणाऱ्या एका विशिष्ट मशीनला २०१० साली परवानगी दिली, तीही कमरेच्या दोन्ही बाजूंच्या वळ्यांसाठी. पोट, मांड्या, हनुवटी, दंड हे भाग पुढच्या वर्षांत एकेक करून त्यात आले. अशा परवानगीला त्यांच्याकडे 'क्लिअर्ड' म्हणतात. 'अप्रूव्ड' हा शब्द त्यांनी याहून कडक तपासणीसाठी राखून ठेवलाय. आणि ज्या मशीनला ती परवानगी होती तिचं नाव वेगळं, माझ्या दंडाला लावलेल्या मशीनवरचं नाव वेगळं. जणू शेजारच्या मुलीची मार्कशीट दाखवून माझं ॲडमिशन झालं.

मूळ विज्ञान मात्र खोटं नाही, आणि मला ते आवडतंही. १९७० साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळाची नोंद छापली. आइसकँडी चोखून त्याच्या गालात लाल, कडक गाठ आली आणि नंतर तिथली चरबी कमी झाली. कातडी शाबूत, चरबी गायब. चरबीच्या पेशी थंडीला कातडीपेक्षा लवकर बळी पडतात. नारळाचं तेल हिवाळ्यात गोठतं तेव्हा शेजारच्या तांब्यातलं पाणी पाणीच असतं ना, साधारण तसं. हार्वर्डशी जोडलेल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डीटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी हा धागा धरून डुकरांवर प्रयोग केले आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध केले. तंत्राचं नाव क्रायोलिपोलिसिस. गोठलेल्या पेशी मरतात, शरीर दोन-तीन महिन्यांत त्यांचा निचरा करतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आधी उभं करून मार्करने दंडावर रेघा मारतात, फरशी बसवणारा मिस्त्री मारतो तशा. मग एक थंड, बुळबुळीत जेलचा कपडा, कातडी भाजू नये म्हणून. हो, थंडीनेही कातडी भाजते. मग कप लागतो आणि दंड आत ओढला जातो. पहिली सात-आठ मिनिटं वाईट. ओढ, झिणझिण्या, हाडात शिरणारी कळ. नंतर बधिर. मी मोबाइलवर रील्स बघत होते, एका हाताने. कप निघाला तेव्हा दंडावर फ्रिजमधून काढलेल्या लोण्याच्या विटेसारखा एक घट्ट, थंड ठोकळा उभा होता. तो माझाच होता, पण मला त्याचा स्पर्श कळत नव्हता. मग तो ठोकळा दोन मिनिटं चोळून मोडतात. 'नो पेन' म्हणणाऱ्यांनी ती दोन मिनिटं माझ्या तोंडाकडे बघायला हवं होतं. डाव्या दंडाची बधिरता पाच आठवडे टिकली. रात्री कुशीवर वळलं की सुया टोचायच्या.

फोन केला की उत्तर ठरलेलं: "नॉर्मल आहे मॅम."

आणि ते नॉर्मल होतंही. माझी तक्रार बधिरतेबद्दल नाही. माझी तक्रार सहीबद्दल आहे. संमतिपत्र टॅबवर होतं, इंग्रजीत, चार पानी, आणि सही बोटाने करायची. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: पॅरॅडॉक्सिकल ॲडिपोज हायपरप्लेजिया. मी विचारलं, हे काय? कौन्सेलर म्हणाली, "फॉर्मॅलिटी असते मॅम, कुणाला होत नाही." रिसेप्शनवर मराठी, किमतीची घासाघीस मराठीत, 'ताई, आजच बुक केलंत तर ऑफर' मराठीत. धोका तेवढा इंग्रजीत.

त्या ओळीचा अर्थ मी घरी येऊन रात्री दोन वाजता वाचला. काही लोकांच्या शरीरात ही गोठवलेली चरबी मरण्याऐवजी वाढते. कपाच्या आकाराचा कडक, न दुखणारा फुगवटा येतो. आपोआप जात नाही, बहुतेकदा लायपोसक्शन करून काढावा लागतो. म्हणजे ज्या सर्जरीला टाळायला गेलो तिच्याच टेबलावर. कॅनडाची सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने सप्टेंबर २०२१ मध्ये इन्स्टाग्रामवर लिहिलं की ती कित्येक वर्षं दिसेनाशी झाली त्याचं कारण हेच. तिने कंपनीवर दावा लावला, २०२२ मध्ये तो मिटवला गेला. तिच्याकडे वकील होते. माझ्याकडे टॅबवर बोटाने काढलेली सही आहे.

प्रमाण? कंपनीने सांगितलेला आकडा बरीच वर्षं साधारण ४,००० सायकलींमागे एक असा होता. नंतर काही डॉक्टरांनी नोंदवलेलं प्रमाण त्याहून जास्त निघालं. पण कंपनीचाच आकडा धरू. सायकल म्हणजे माणूस नव्हे, एकदा लावलेला एक कप. दोन हात, दोन सेशन, चार कप. म्हणजे माझ्या पॅकेजपुरता तो आकडा हजारात एक झाला. हजारात एक ही जोखीम मी कदाचित घेतलीही असती. रोज दुचाकीवरून नवले पुलाखालून जाते, जोखमीचं मला कुणी शिकवू नये. पण ती जोखीम मी घेतली नाही, ती माझ्याकडून घेतली गेली.

या फुगवट्याची खोड अशी की तो लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी वर येतो. आणि गुण यायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ज्या तीन महिन्यांत मी दंड बारीक होण्याची वाट बघत होते, त्याच तीन महिन्यांत तो फुगायला लागेल म्हणून घाबरत होते. रोज आंघोळीनंतर आरशासमोर हात वर, चिमटीत धरून बघायचं. पूर्वी मला माझा दंड लग्नातल्या फोटोत दिसायचा, वर्षातून दोनदा. आता रोज दिसायला लागला.

फरक पडला का? पडला. अभ्यासांमध्ये कपाखालच्या चरबीचा थर साधारण २० ते २५ टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. जाहिरातीत हा आकडा ठळक असतो, कशाचे टक्के ते बारीक. वजनाचे नाहीत, दंडाच्या घेराचे नाहीत, फक्त कपाखालच्या थराचे. थर दोन सेंटिमीटर असेल तर चार-पाच मिलिमीटर गेले. शिवाय सैल कातडी सैलच राहते. दिवाळीत ब्लाउज शिवायला टाकला, तर टेलरकाकांनी टेप काढलीच नाही. जुनी वही उघडली, मागच्या वर्षीचं बाहीचं माप उतरवलं आणि म्हणाले, "आत दोन बोटं माया ठेवतो, लागली तर उसवता येईल."

आता त्या मित्राकडे. "तुझ्यासारखीने" म्हणजे वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या, मोर्चाला जाणाऱ्या मुलीने. त्याचं म्हणणं, स्वतःवर प्रेम करायला शिक. हा सल्ला देणाऱ्या माणसाचा दंड कुठल्याही ग्रुपवर कधी चर्चेला आलेला नाही. काकू म्हणते हात झाक, क्लिनिक म्हणतं हात गोठव, हा म्हणतो हाताबद्दल असं वाटूच देऊ नकोस. तिघांनाही माझ्या हाताबद्दल मत आहे. मला बारीक दंड हवे होते. अजूनही चालतील. ही इच्छा माझ्यात कुठून आली याचं विच्छेदन मीही करू शकते, पण म्हणून ती इच्छा असणाऱ्या बाईला खोटं सांगून ५१,९२० रुपये घेणं माफ होत नाही. बाई मूर्ख होती असं ठरवलं की विकणारा आपोआप सुटतो, आणि हा मित्र नकळत त्या क्लिनिकचीच वकिली करत असतो.

मला राग आहे तो 'नॉन' या उपसर्गाचा. नॉन-सर्जिकल, नॉन-इन्वेझिव्ह. सर्जरी म्हटलं की आपण सावध होतो. घरी सांगतो, दोन डॉक्टरांना विचारतो, कुणीतरी सोबत येतं. 'नॉन' म्हटलं की लंच ब्रेकमध्ये एकटीच जाऊन येतो. थंडीने अंगाला पित्त उठतं का, रक्तात क्रायोग्लोब्युलिनसारखी थंडीत गोठणारी प्रथिनं आहेत का, हे या प्रक्रियेआधी विचारायलाच हवं, कारण अशा माणसांसाठी ती धोक्याची आहे. मला विचारलं होतं ते एवढंच, की क्रेडिट कार्ड कुठल्या बँकेचं आहे. चाकू नसला तरी शरीराचा एक भाग मारला जातोय. मग आधी डॉक्टरने तपासावं, धोका मला कळणाऱ्या भाषेत तोंडाने सांगावा, पैसे भरणं आणि कप लावणं यांत चार दिवस जाऊ द्यावेत. यात अवघड काय आहे? अवघड एवढंच, की त्या चार दिवसांत माझ्यासारख्या निम्म्या जणी परतणार नाहीत, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

दुसरं सेशन मी घेतलं नाही. पैसे परत मागितले तर म्हणाले रिफंड होत नाही, पण दुसऱ्या भागावर ॲडजस्ट करून देऊ. हनुवटीखाली थोडं आहे तुमच्या, मॅम. तोवर मला हनुवटीखाली काही आहे हे माहीत नव्हतं.

परवा पुन्हा फोन आला. "मॅम, तुमचं एक सेशन पेंडिंग आहे, महिनाअखेरपर्यंत व्हॅलिड आहे."

मी म्हटलं, "आधी डॉक्टरांशी बोलायचंय."

"डॉक्टर फक्त शनिवारी असतात मॅम. तुम्ही शुक्रवारी या ना, शुक्रवारी स्लॉट आहे."