ओढणं सोपं, थांबवणं अवघड!

होस्टेलवर गाड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : 'टॉर्क किती?' पण समजा, वसईतल्या एखाद्या कुटुंबाला सात सीटची गाडी घ्यायचीय आणि तिच्यामागे ट्रेलर जोडून तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणायचाय. मग टॉर्कच्या आधी सांगाडा बघा. २०१६ साली आलेली इनोव्हा क्रिस्टा लॅडर फ्रेमवर, रिअर व्हील ड्राइव्ह. २०२२ ची हायक्रॉस मोनोकॉक, फ्रंट व्हील ड्राइव्ह. घराणं एकच, हाडं वेगळी! हुकवर भार पडला की गाडी मागे दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर नेमकी तीच घसरतात.

खरी परीक्षा मात्र कसारा घाट उतरताना. घोडा ४५० किलो, ट्रेलर ८०० किलो धरा. सव्वा टन वजन मागून ढकलतंय! त्यात घोडा म्हणजे काही सिमेंटची गोणी नव्हे, तो जागच्या जागी हलतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळा ताण गाडीच्या ब्रेकवर.

म्हणून माझं स्पष्ट मत : गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाची मर्यादा दिलेली नसेल, तर हुक लावूच नका. घोडा भाड्याच्या टेम्पोतून आणा. मित्रांनो, ओढायचं गणित कुणीही करेल. थांबायचं गणित आपण इंजिनिअर लोकांनी करायचं!